वचन कोणाला लावायचं? पंडिता रमाबाईंच्या आयुष्यातले काही प्रसंग

आजचा विषय एका प्रश्नातून निघाला आहे. मागच्या व्याख्यानानंतर जिन्यापाशी एका बाईंनी मला थांबवलं. म्हणाल्या, "सर, दर रविवारी उपासनेत पाळकसाहेब वचन वाचतात, उलगडून सांगतात आणि शेवटी म्हणतात, हा धडा रोजच्या जीवनात लागू करा. पण म्हणजे नेमकं करायचं काय? सोमवारी सकाळी नळाला पाणी आलेलं असतं, डबे भरायचे असतात, सासूबाईंचं औषध द्यायचं असतं. त्यात करिंथकरांचं पत्र मी कुठे बसवू?"

मी तेव्हा हसलो आणि म्हटलं, पुढच्या वेळी बोलू. घरी आल्यावर मात्र लक्षात आलं, की प्रश्न अजिबात हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

बघा, धडा नेहमी सर्वसाधारण असतो आणि प्रसंग नेहमी विशिष्ट असतो. "शेजाऱ्यावर प्रीती करावी" हे कळलं, तरी आज, या शेजाऱ्याच्या बाबतीत काय करायचं ते त्यातून आपोआप निघत नाही. ॲरिस्टॉटलने हे ओळखलं होतं. न्यायाची चर्चा करताना तो लेस्बॉस बेटावरच्या गवंड्यांचं उदाहरण देतो. त्यांच्याकडे शिशाची मोजपट्टी असायची. दगड ओबडधोबड असला, की पट्टी त्या दगडाच्या आकाराप्रमाणे वाकायची. नियमही प्रसंगाप्रमाणे असा वाकता आला पाहिजे, असं त्याचं म्हणणं. ठीक आहे. पण लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो. वाकणारी पट्टी आपल्या सोयीनेही वाकवता येते. मग प्रामाणिक वाकणं कोणतं आणि सोयीचं वाकणं कोणतं, हे ओळखायचं कसं?

हे मी नुसतं तात्त्विक अंगाने सांगू शकलो असतो. पण एका मराठी बाईने हा प्रश्न आयुष्यभर अंगावर घेतला. म्हणून आज आपण इतिहासाकडे जाणार आहोत, पंडिता रमाबाईंकडे.

रमाबाईंचं चरित्र तुम्हाला ठाऊक असेल. थोडक्यात उजळणी करतो. १८५८ चा जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलींना संस्कृत शिकवलं, आणि त्यासाठी लोकांचा रोष पत्करला. सगळं कुटुंब तीर्थक्षेत्रांतून पुराण सांगत फिरत असे. पुढे दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण, तिघंही गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी हिंडत कलकत्त्याला पोचले. तिथे १८७८ मध्ये विद्वानांनी त्यांना "पंडिता" आणि "सरस्वती" म्हणून गौरवलं. भाऊ गेला. बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी लग्न झालं आणि दोन वर्षांच्या आत वैधव्य आलं. पदरी लहानगी मनोरमा. १८८२ मध्ये त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला आणि १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. वैद्यकी शिकायचा विचार होता, पण ऐकू कमी येत असल्याने ते जमलं नाही. वाँटेज इथे अँग्लिकन भगिनींच्या मठात त्या राहिल्या. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांचा आणि मनोरमेचा बाप्तिस्मा झाला.

आता पहिला प्रसंग. बाप्तिस्म्याच्या आधी त्यांना लंडनमधल्या फुलहॅम भागात नेण्यात आलं होतं. ज्यांना समाज "पतित" म्हणतो अशा स्त्रियांसाठी भगिनी तिथे आश्रम चालवत. रमाबाईंना आश्चर्य वाटलं. त्यांनी शास्त्रं वाचलेली होती, आणि अशा स्त्रीसाठी धर्मशास्त्रात दंड कोणता हेही त्यांना माहीत होतं. इथे कोणी त्यांना दंड करत नव्हतं, सांभाळत होतं. त्यांनी विचारलं, तुम्ही हे का करता? तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातली गोष्ट सांगितली, याकोबाच्या विहिरीवरची.

गोष्ट तुम्हाला माहीत आहे. भर दुपारी एक शोमरोनी स्त्री एकटीच पाण्याला येते. तिचे पाच नवरे झालेले आहेत, आणि ज्याच्याजवळ ती आता राहते तो तिचा नवरा नाही. येशू तिच्याकडे पाणी मागतो. यहुदी माणूस शोमरोन्याच्या भांड्यातलं पाणी घेत नाही, हे तिलाही माहीत आहे, म्हणून ती चकित होते. आपल्याकडे या गोष्टीला टीप लागत नाही. पाणवठा, भांडं, विटाळ हे इंग्रज वाचकाला समजावून द्यावं लागतं. आपल्याला ते जन्मापासून कळतं.

रमाबाईंनी पुढे १९०७ मध्ये आपल्या साक्षीत या प्रसंगाबद्दल लिहिलं आहे. मला त्यातली महत्त्वाची गोष्ट ही वाटते, की धडा त्यांना आधी पुस्तकातून कळला नाही. आधी काम दिसलं, कामाने प्रश्न निर्माण केला आणि त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून वचन आलं. आपण नेहमी उलटा क्रम धरतो. आधी वचन, मग त्याचं आचरण. जिन्यापाशी भेटलेल्या बाईंची अडचण तिथेच आहे. त्या हातात वचन घेऊन जागा शोधताहेत. रमाबाईंना जागा आधी सापडली.

दुसरा प्रसंग ताटाचा. रमाबाई ख्रिस्ती झाल्या, पण मांसाहारी झाल्या नाहीत. वाँटेजमधल्या ज्येष्ठ भगिनी जेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता. त्यांचं रमाबाईंवर प्रेम होतं, यात शंका नाही. पण त्यांना या शाकाहारात जातीचा अभिमान दिसायचा. ख्रिस्ती मनुष्याने नम्र असावं, आज्ञा पाळावी, जुनं सोडून द्यावं, ही सगळी वचनं रमाबाईंना ऐकवली जात. रमाबाईंचं उत्तर साधारण असं होतं, की जे आचार निरुपद्रवी आहेत ते मला माझे म्हणून प्रिय आहेत, आणि ते मी का सोडावेत?

गळ्यात घालायच्या क्रूसावरूनही असाच वाद झाला. त्यावर लॅटिन अक्षरं होती. रमाबाईंनी विचारलं, ही अक्षरं लॅटिनच का? संस्कृत का नकोत? लॅटिन काही संस्कृतपेक्षा जास्त पवित्र नाही, आणि माझ्या देशभगिनींना ती वाचताही येणार नाहीत.

पुढे त्या चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात संस्कृत शिकवू लागल्या. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावं अशी कल्पना निघाली, तेव्हा हिंदुस्थानात काम केलेल्या बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी कळवलं, की माझ्या वडिलांनी किंवा नवऱ्याने माझ्या शिकवण्याला कधी हरकत घेतली नव्हती, तुम्ही घेताय याचं मला नवल वाटतं. आणि हेही स्पष्ट केलं, की एका पुरोहितवर्गाचं जोखड मोठ्या कष्टाने उतरवल्यावर तसंच दुसरं मानेवर घेण्याची माझी इच्छा नाही.

आता इथे थांबून पाहू. ताटाविषयी बायबलमध्ये सरळ उल्लेख आहेत. पौल रोमकरांना लिहितो, की कोणी सगळं खात असेल, कोणी भाजीपाल्यावर राहत असेल, तर दोघांनी एकमेकांना तुच्छ लेखू नये. करिंथकरांच्या पहिल्या पत्रात मूर्तीपुढे ठेवलेल्या मांसाचा वाद आहे. पौलाच्या मते ते खाण्यात काही दोष नाही. तरीही तो म्हणतो, की माझ्या खाण्याने दुबळ्या भावाला ठेच लागत असेल तर मी मांस सोडेन. हे नीट ऐका. पौल म्हणतो, मी सोडेन. तू सोड, असं तो म्हणत नाही. ज्याच्याकडे मोकळीक आहे, ताकद आहे, तो स्वतःकडे तोशीस घेतो.

वाँटेजमध्ये काय झालं? वचनं खरीच होती. नम्रता खरी, आज्ञापालन खरं. पण ज्यांच्या हातात घर होतं, पैसा होता, पद होतं, त्यांनी ती वचनं परदेशातून आलेल्या, पदरी लहान मूल असलेल्या एका विधवेला लावली. सांगणाऱ्यांना काहीच सोडावं लागणार नव्हतं. सोडायचं होतं ते ऐकणारीने.

मघाशी आपण विचारलं होतं, की प्रामाणिक वाकणं कोणतं आणि सोयीचं कोणतं. मला वाटतं, एक कसोटी इथे हाती लागते. धडा लागू झाल्यावर त्याची किंमत कोण मोजतो? सांगणारा मोजतो, की ज्याला सांगितलं जातं तो?

आता तिसरा प्रसंग. हा अवघड आहे. कारण कसोटी एकदा हातात घेतली, की ती आपल्या आवडत्या माणसालाही लावावी लागते.

१८८९ च्या ११ मार्चला रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. उच्चवर्णीय विधवांना शिक्षण आणि आसरा देणं हा हेतू. पैसा मुख्यतः अमेरिकेतून, बॉस्टनच्या रमाबाई असोसिएशनकडून येत होता. संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असं ठरलं होतं. न्यायमूर्ती रानडे, रामकृष्ण भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार मंडळात होती. रमाबाई स्वतः ख्रिस्ती, तेव्हा प्रार्थना करणारच. त्या आपल्या खोलीत प्रार्थना करत, पण दार उघडं असे. काही मुली येऊन बसू लागल्या, काहींचा कल ख्रिस्ताकडे झुकू लागला. पुण्यात वादळ उठलं. "केसरी"ने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर यांनी अंग काढून घेतलं आणि अनेक पालकांनी मुली घरी नेल्या.

या दाराविषयी मी पुष्कळ विचार केला आहे. डोंगरावरच्या प्रवचनात येशू सांगतो, की प्रार्थना करायची तर खोलीत जाऊन दार लावून करावी, लोकांना दाखवण्यासाठी करू नये. त्याच प्रवचनात, थोडं आधी, तो असंही सांगतो, की दिवा लावला तर तो झाकून ठेवायचा नसतो. म्हणजे वक्ता एक, प्रवचन एक आणि धडे दोन. रमाबाईंनी कोणता लागू करायचा? दार लावायचं की दिवा उघडा ठेवायचा? त्यांनी हीच दोन वचनं समोर ठेवून निर्णय घेतला असं माझं म्हणणं नाही. ती आपल्यासाठी मी शेजारीशेजारी ठेवतोय. दाखवायचं एवढंच आहे, की वचन कधी स्वतःहून लागू होत नाही. निवड आपण करतो, आणि तिची जबाबदारीही आपली.

रमाबाईंची बाजू अशी, की मी कोणावर सक्ती केली नाही, पण माझ्याच घरात माझा विश्वास लपवणार नाही. पालकांची बाजू अशी, की तटस्थतेचा शब्द मिळाला म्हणून आम्ही मुली पाठवल्या. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. आणि किंमत कोणी मोजली? रमाबाईंनी मोजली. सहकारी गेले, लोकांचा विश्वास गेला, आणि पुण्याच्या सुधारकवर्गाशी असलेलं नातं पुन्हा पूर्वीसारखं कधी झालं नाही. पण सर्वांत मोठी किंमत मोजली ती घरी परत नेलेल्या मुलींनी. त्यांची पाटी-पुस्तकं सुटली. दाराचा निर्णय त्यांचा नव्हता, आणि घरी नेण्याचाही नव्हता. ही गोष्ट दोन्ही पक्षांच्या इतिहासकारांनी पुरेशी सांगितलेली नाही, असं मला वाटतं. असोसिएशनने दिलेली दहा वर्षांची मुदत संपल्यावर रमाबाईंनी तटस्थतेचं धोरण सोडलं आणि केडगावची संस्था उघडपणे ख्रिस्ती म्हणून चालवली. माझ्या मते ते अधिक सरळ होतं. दारावरची पाटी आणि आतलं जगणं एक झालं.

चौथा प्रसंग दुष्काळाचा. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. अनाथ मुली आणि तरुण विधवा यांची तिथे काय दशा होते, हे रमाबाईंना वाचून समजायची गरज नव्हती. त्या स्वतः त्यातून गेल्या होत्या. त्या तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेगची धामधूम सुरू झालेली. म्हणून केडगावला घेतलेल्या जमिनीवर आधी झोपड्या उभ्या राहिल्या आणि मग मुक्ती सदन. १९०० च्या सुमारास गुजरातेत दुष्काळ पडला आणि तिथूनही मुली आल्या. राहणाऱ्यांची संख्या दीड हजारांच्या पुढे गेली.

लूकच्या दहाव्या अध्यायातला चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकतो. त्याचा शेवट मात्र घाईत वाचतो. तो माणूस जखमा बांधतो, जखमीला आपल्या जनावरावर बसवतो आणि उतारशाळेत नेतो, एवढं लक्षात राहतं. दुसऱ्या दिवशी तो उतारशाळेच्या रखवालदाराला दोन नाणी देतो आणि सांगतो, की जास्त खर्च झाला तर परत येताना भरून देईन. म्हणजे दया एका दुपारी संपली नाही. तिचा हिशोब लिहिला गेला, उधारी झाली, परत येण्याचं वचन दिलं गेलं.

केडगावला ही उधारी वर्षानुवर्षं फेडली गेली. दीड हजार माणसांना रोज दोन वेळा जेवायला घालायचं म्हणजे भावनेवर भागत नाही. धान्य, सरपण, पाणी लागतं. त्या कोरड्या माळावर विहिरी खणल्या, शेती केली, गुरं पाळली. विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना सुरू झाला. आंधळ्या मुलींना ब्रेल लिपी शिकवली, आणि त्यांच्या घराला येशूने दृष्टी दिलेल्या बार्तीमयाच्या नावावरून "बार्तिमी सदन" म्हटलं. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी "कृपा सदन" झालं. फुलहॅमला पाहिलेलं काम आता पुणे जिल्ह्यात उभं होतं. विहिरीवरच्या गोष्टीचं आचरण कुठे झालं असं कोणी विचारलं, तर मी हे दाखवीन. त्याला सोळा-सतरा वर्षं लागली.

शेवटचा प्रसंग भाषेचा. आयुष्याची अखेरची बरीच वर्षं रमाबाईंनी बायबलचं मराठी भाषांतर करण्यात घालवली. मराठीत बायबल आधीच होतं. पण त्याची संस्कृतप्रचुर भाषा मुक्तीतल्या खेडवळ, नुकतंच वाचायला शिकलेल्या बायकांना झेपत नव्हती. ज्या बाईला कलकत्त्याच्या पंडितांनी संस्कृतसाठी "सरस्वती" म्हटलं, तिने हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतलं आणि आपलं पांडित्य बाजूला ठेवून साधी मराठी लिहिली. केडगावच्या छापखान्यात बायकांनीच ते छापलं. क्रूसावरच्या लॅटिन अक्षरांना घेतलेल्या हरकतीचा अर्थ इथे पूर्ण होतो. जे वचन कळत नाही, ते कोणी आचरणात आणणार तरी कसं? १९२१ मध्ये मनोरमा गेली, पुढच्या वर्षी ५ एप्रिलला रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं.

आता मी जिन्यापाशी विचारलेल्या प्रश्नाकडे परत येतो, आणि त्याआधी स्वतःविषयी एक गोष्ट सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी एक जुनी विद्यार्थिनी माझ्याकडे आली होती. सासरी मारहाण होत होती. मी तिला पाणी दिलं, बसवलं, आणि ईयोबाच्या सहनशीलतेविषयी बोललो. बरंच बोललो. ती "बरं सर" म्हणाली आणि गेली. पुन्हा आली नाही. ईयोबाला उपदेश करणारे मित्र त्या पुस्तकाच्या शेवटी चुकीचे ठरतात, हे मला तेव्हाही माहीत होतं. मी वर्गात ते शिकवतही असे. तरी त्या दुपारी मी ईयोबाच्या मित्रांच्याच रांगेत बसलो होतो. वचन खरं होतं. किंमत तिने मोजायची होती, आणि मला चहाचीही तोशीस नव्हती.

आपल्या मंडळ्यांत, आपल्या घरांत हे रोज घडतं. नवरा बायकोला अधीन राहण्याचं वचन ऐकवतो. त्याच अध्यायात नवऱ्याने पत्नीसाठी स्वतःला वाहून द्यावं असं लिहिलंय, ते त्याने स्वतःला लावलेलं नसतं. मार खाणाऱ्या मुलीला आपण सत्तर वेळा सात क्षमा सांगतो, आणि मारणाऱ्याला पश्चात्तापाविषयी एक शब्द बोलत नाही. प्रभूच्या मेजाभोवती सगळे एक होतो, आणि मुलाचं लग्न ठरवताना हळूच विचारतो, मुळात ते कोणातले?

दाखल्यातल्या शास्त्र्याने येशूला विचारलं होतं, माझा शेजारी कोण? येशूने गोष्ट सांगितली आणि शेवटी प्रश्नच फिरवला. त्या जखमी माणसाचा शेजारी कोण झाला, असं त्याने विचारलं. माझी जबाबदारी कुठवर, ही कुंपणं मोजायची भाषा सोडून तो शास्त्र्याला रस्त्यावर उतरवतो.

तेव्हा बाई, तुम्ही आज आला असाल तर माझं उत्तर असं आहे. सोमवारी सकाळी पत्र कुठे बसवू, हा शोध सोडून द्या. घरात त्या दिवशी कोण जास्त वाकतंय, कोणाचं जेवण मागे राहतंय, ते पाहा. कदाचित ते तुम्हीच असाल. मग ते वचन तुम्हाला लावण्याचं नसून घरातल्या बाकीच्यांनी स्वतःला लावण्याचं आहे, आणि तसं सांगायचा तुम्हाला हक्क आहे. आणि धुणंभांडी करायला येणाऱ्या बाईचा कप तुमच्या घरात वेगळा ठेवलेला असेल, तर याकोबाची विहीर तुमच्या ओट्यापाशीच आहे.

आज इथे थांबतो. प्रश्न असतील तर विचारा. मला उत्तर येत नसेल तर तसं सांगेन. त्या विद्यार्थिनीनंतर मी एवढं तरी शिकलो आहे.